शालू विटकरी दिसतोय, हळद फिकी

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मी सांगलीत विश्रामबागला राहते. घरूनच लग्नाच्या अल्बमचं डिझायनिंग करते. मिरज, तासगावचे फोटोग्राफरही काम देतात. जुना लॅपटॉप थकला म्हणून एका कंपनीच्या वेबसाइटवरून नवा मागवला, कार्डावर नो कॉस्ट ईएमआय करून. डिलिव्हरीची तारीख दोनदा पुढे गेली. मग फोन आला, ‘मॅडम, ते मॉडेल स्टॉकमध्ये नाही. सेम कॉन्फिगरेशनचं दुसरं पाठवतो, लगेच मिळेल.’ लग्नसराई तोंडावर होती, मी हो म्हटलं. लॅपटॉप आला, पण स्क्रीन अशी की लाल शालू विटकरी दिसतो आणि हळदीचे फोटो फिकुटलेले. डाव्या कोपऱ्यात एक ठिपका कायम चमकतो. तिसऱ्याच दिवशी तक्रार केली. कोल्हापूरहून इंजिनिअर आला, टेस्ट चालवली आणि ‘स्क्रीन ओके, विदिन स्पेसिफिकेशन’ म्हणून गेला. कस्टमर केअर म्हणतं, सात दिवसांत फक्त रिप्लेसमेंट, तीही डिफेक्ट असेल तर, आणि आता सात दिवस उलटून गेले. मिस्टर म्हणतात, ‘डोळ्याला सवय होईल.’ सासरे म्हणतात, ‘तरी सांगत होतो, गावातल्या दुकानातनं घे.’ मीच जास्त चिकित्सा करतेय का?

— एक वाचक, सांगली (नाव छापू नये)

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. रंगाची चिकित्सा करण्याचेच तुम्हाला पैसे मिळतात. ती तुम्ही सोडली तर फोटोग्राफर दुसरीकडे काम देतील.

पत्रासोबत ऑर्डरच्या मेलचा आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण सगळा निकाल त्या दोन कागदांतच आहे. ऑर्डरच्या मेलमध्ये डिस्प्लेसमोर लिहिलंय: १५.६ इंच, फुल एचडी, आयपीएस, अँटी-ग्लेअर, ३०० निट्स, १०० टक्के एसआरजीबी. खोक्यावर लिहिलंय: १५.६ इंच, फुल एचडी, आयपीएस, अँटी-ग्लेअर, २५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी. पहिले चार शब्द तंतोतंत सारखे आहेत, आणि फोनवरच्या मुलाने ‘सेम’ म्हटलं ते त्या चार शब्दांच्या जोरावर. फरक शेवटच्या दोन आकड्यांत आहे: पडदा किती उजळ (निट्स) आणि किती रंग दाखवतो (एसआरजीबी, एनटीएससी). त्या मुलाला तो स्वतःलाही कळला नसेल, पण कंपनीला नक्की कळतो, कारण दोन पॅनेलच्या, म्हणजे आतल्या पडद्यांच्या, किमती वेगळ्या असतात.

इंजिनिअरही खोटं बोलला नाही. जी स्क्रीन तुमच्या घरी आली ती तिच्या स्वतःच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे धडधाकट आहे. त्याला कंपनीने विचारलं होतं, ‘स्क्रीन बिघडलीय का?’ त्याने उत्तर दिलं, ‘नाही.’ ‘बाईंनी मागितली ती हीच स्क्रीन आहे का?’ हे त्याला कोणी विचारलंच नाही. तुमची तक्रार पहिल्या दिवसापासून ‘स्क्रीन खराब आहे’ अशी नोंदवली गेली, आणि त्या शब्दांवर तुम्ही दर वेळी हरणार. मुद्दा बदला: ठरला तो माल आला नाही. इथून पुढे कंपनीशी बोलताना ‘खराब’, ‘फिकी’, ‘आवडली नाही’ हे शब्द तोंडातून काढू नका.

आता ते रंगांचे दोन आकडे. एनटीएससी म्हणजे अमेरिकेत १९५३ साली ठरलेलं रंगीत टीव्हीचं प्रमाण. तो टीव्ही कधीच अडगळीत गेला, पण त्याची रंगांची मोजपट्टी लॅपटॉपच्या खोक्यावर अजून जिवंत आहे. एसआरजीबी हे प्रमाण १९९६ साली दोन मोठ्या कंपन्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यांसाठी मांडलं. इंटरनेटवरचे आणि बहुतेक कॅमेऱ्यांतून निघणारे साधे जेपेग फोटो त्यालाच धरून असतात, आणि अल्बम छापणाऱ्या लॅबही सहसा त्यातच फाइल मागतात. एनटीएससीच्या पट्टीने ७२ टक्के भरला तो पडदा ढोबळमानाने पूर्ण एसआरजीबीच्या तोडीचा. ४५ टक्के भरला तो एसआरजीबीच्या हिशेबात साधारण ६० ते ६५ टक्क्यांवर थांबतो. म्हणजे एसआरजीबीतल्या रंगांचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग तुमच्या पडद्याला दाखवताच येत नाही. फाइल म्हणते ‘पूर्ण लाल’, पडदा आपल्या कुवतीचा पूर्ण लाल देतो, आणि तो विटकरीच असतो. पिवळ्याचीही तीच गत, कारण पडद्यावरचा पिवळा लाल आणि हिरव्यातूनच बनतो. ते दोन्ही अशक्त असले की हळद आजारी दिसणारच.

असे पॅनेल का बनवतात? स्वस्त पडतात हे झालंच. शिवाय गडद रंगांसाठी रंगाचे फिल्टर दाट लागतात, दाट फिल्टर मागचा प्रकाश जास्त अडवतात, मग मागचा दिवा जास्त प्रखर लावावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. फिल्टर पातळ केला की पैसेही वाचतात आणि बॅटरीचे तासही जाहिरातीत वाढवून सांगता येतात. टॅलीवर बिलं टाकणाऱ्याला आणि ऑनलाइन क्लास करणाऱ्या मुलाला याने काहीच फरक पडत नाही. म्हणून सरसकट या पॅनेलला नावं ठेवायची नाहीत. एकाच मालिकेचा लॅपटॉप दोन-तीन वेगवेगळ्या पॅनेलमध्ये निघतो, नाव तेच असतं, फक्त मॉडेल नंबरच्या शेपटीत अक्षरं बदलतात. जाहिरातीत मात्र ‘फुल एचडी आयपीएस’ एवढंच ठळक. आयपीएस म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग पालटत नाहीत, इतकाच भरवसा. रंग किती आहेत ते त्या शब्दात कुठेच नाही.

मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल. डोळ्याला सवय होईल हे त्यांचं अगदी बरोबर आहे, आणि तुमच्या कामात तोच धोका आहे. महिनाभर हीच स्क्रीन बघितलीत की विटकरी शालू तुम्हाला लाल वाटायला लागेल. तोवर तुम्ही काय कराल? फोटो फिका दिसतोय म्हणून सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) चढवाल, पडद्यावर छान दिसेपर्यंत. फाइल लॅबला जाईल, लॅबचं मशीन ते चढवलेले रंग छापेल, आणि अल्बमच्या करिझ्मा शीटवर नवरीचा चेहरा नारिंगी, हळद भडक आणि शालूच्या लालमध्ये जरीची वीण बुडालेली. फोटोग्राफर म्हणेल, ‘ताई, तुमचं कलर करेक्शन बिघडलंय हल्ली.’ बिघडलेलं तुमचं काहीच नसेल.

कंपनीला लिहिण्याआधी घरच्या घरी एवढं करून घ्या, म्हणजे नंतर कोणी ‘सेटिंगचा प्रॉब्लेम आहे’ म्हणून तुम्हाला परतवणार नाही. चार्जर लावा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले. नाइट लाइट बंद. ब्राइटनेसच्या खाली मजकुरानुसार ब्राइटनेस बदलण्याचा एक पर्याय असतो, तोही बंद. ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी पडद्याचा कॉन्ट्रास्ट आपोआप खालीवर करणारी सोय असते, तीही काढा. बॅटरीवर असताना फोटो मध्येच फिका पडतो तो बऱ्याचदा तिच्यामुळे. एवढं करून तुमचा तोच हळदीचा फोटो उघडा. थोडा सुधारेल, पण पुरेसा नाही. आता फरक उरला तो पॅनेलचाच.

पॅनेल कोणतं आहे हेही बघता येतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, मॉनिटर्स, त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. तिथे सात अक्षरांचा एक संकेत दिसेल. पहिली तीन अक्षरं पॅनेल बनवणाऱ्याची: बीओई, एयूओ, सीएमएन, एलजीडी असं काहीतरी. पुढची चार त्या पॅनेलची. त्याचा फोटो काढून ठेवा. लॅपटॉपवर नाव कोणाचंही असो, आतला पडदा बहुतेक वेळा या तीन-चार कारखान्यांपैकी एकाचा असतो.

पुरावा म्हणून मोबाइलशेजारी लॅपटॉप ठेवून फोटो काढायचा मोह आवरा. मोबाइलचे बरेच पडदे मुळातच रंग वाढवून दाखवतात, आणि कंपनीचा माणूस ते पहिल्या मिनिटात सांगेल. त्यापेक्षा लॅबमधून आलेलं जुनं शीट आणि त्याची मूळ फाइल या लॅपटॉपवर, अशी जोडी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी ठेवून फोटो घ्या. जुन्या लॅपटॉपवर तीच फाइल उघडून तोही शेजारी ठेवलात तर उत्तम.

कोणी सांगेल, ‘कॅलिब्रेशन करून घ्या, सगळं ठीक होईल.’ हा सल्ला चांगल्या पॅनेलला लागू आहे. कॅलिब्रेशन असलेले रंग जागेवर बसवतं. पॅनेलमध्ये जो लाल नाहीच तो कुठून आणणार? त्यासाठी पैसे घालवू नका. तसंच, बाहेरच्या दुकानातून पॅनेल बदलून घेण्याच्या भानगडीतही सध्या पडू नका. एकदा बाहेरच्या माणसाने लॅपटॉप खोलला की वॉरंटीवर वाद सुरू होतो आणि तुमची भक्कम बाजू हातची जाते.

आता तो ठिपका. तो डोळ्यात खुपतो हे मान्य, पण तो या भांडणात मध्ये आणू नका. तुमच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल आहेत आणि प्रत्येकाचे तीन उपभाग. काही बिघडलेले निघणार हे उद्योगाने गृहीतच धरलंय. आयएसओ ९२४१-३०७ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचे वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम उजळ पिक्सेल चालतात, म्हणजे तुमच्या आकाराच्या पडद्यावर चारापर्यंत. कंपन्यांची स्वतःची धोरणं याच धर्तीवर बेतलेली असतात. तुम्ही ठिपक्याचं नाव काढलंत की कंपनी खुशीने ठिपक्यावरच बोलत राहील, ‘एक ठिपका पॉलिसीत बसतो’ असं लेखी देईल आणि फाइल बंद करेल. मोठा मुद्दा जिंकलात तर लॅपटॉपच परत जाणार आहे, ठिपक्यासकट.

तर पहिलं काम मेल. फोन नाही. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस येतो आणि तुम्ही पहिल्यापासून रामायण सांगता. मेल इंग्रजीत लिहा किंवा मराठीत, पण छोटा आणि कोरडा. साधारण असा:

‘मी अमुक तारखेला अमुक मॉडेल मागवलं. तुमच्या ऑर्डरच्या मेलनुसार त्याची स्क्रीन ३०० निट्स, १०० टक्के एसआरजीबी होती (मेल जोडला आहे). अमुक तारखेला तुमच्या प्रतिनिधीने फोन करून, तेच कॉन्फिगरेशन असलेलं दुसरं मॉडेल पाठवत असल्याचं सांगितलं. या आश्वासनावर मी संमती दिली. प्रत्यक्षात आलेल्या मॉडेलची स्क्रीन २५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी आहे (लेबलचा फोटो जोडला आहे). मिळालेली वस्तू कबूल केलेल्या गुणवैशिष्ट्यांची नाही. मी तिसऱ्या दिवशी तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक अमुक. मूळ मॉडेल द्यावं किंवा पूर्ण पैसे परत करावेत. अमुक तारखेच्या कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. त्यांच्याच फोनच्या सुरुवातीला ‘हा कॉल रेकॉर्ड होऊ शकतो’ अशी टेप वाजते ना? ते रेकॉर्डिंग त्यांच्याइतकंच तुमच्याही कामाचं आहे. तुम्ही ‘हो’ म्हटलंत याचं तुम्हाला ओझं वाटतंय, पत्रात ते जाणवलं. पण तुम्ही हो म्हटलंत ते ‘सेम कॉन्फिगरेशन’ला. अट पाळली गेली नाही तर संमतीचा आधार त्यांना घेता येत नाही. उद्या ते ‘मॅडमनी संमती दिली’ म्हणाले तर तुम्ही म्हणा, ऐकवा रेकॉर्डिंग.

हा मेल साध्या कस्टमर केअरला न पाठवता तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. २०२० सालच्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याला असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, पद, संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत, ‘ग्रीव्हन्स’ नावाखाली सापडेल. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असा नियम आहे. आणि त्याच नियमांत तुमच्या उपयोगाचं वाक्य आहे: वस्तू सदोष असेल, किंवा जाहिरात केलेल्या अथवा कबूल केलेल्या गुणवैशिष्ट्यांची नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशिरा आली असेल, तर ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘किंवा’ आहे बघा. तुमच्याकडे दुसरंही आहे आणि तिसरंही. उशिराबाबत नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाची सूट त्यांना आहे, पण स्टॉक संपणं ही आपत्ती नव्हे. तरीही मेलमध्ये उशिराचा उल्लेख एका ओळीत उरका. भर राहू दे स्क्रीनवर.

कंपनीचे ‘सात दिवस, फक्त रिप्लेसमेंट’ हे तिचं स्वतःचं धोरण. ते कायद्यापेक्षा मोठं नाही. तुमची तक्रार तर सात दिवसांच्या आतलीच आहे. पुढचा वेळ त्यांच्या इंजिनिअरने खाल्ला.

पोच आली नाही किंवा तेच तुणतुणं वाजलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. ती कोर्ट नाही, दंड करत नाही. तुमची तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि पाठपुरावा करते. पण ग्राहक मंत्रालयाच्या वाटेने आलेला कागद कंपनीत कॉल सेंटरच्या टेबलावर पडून राहत नाही, वर जातो. तुमच्यासारखी स्वच्छ, दोन कागदांत दिसणारी केस तिथेच सुटेल असं मला वाटतं.

नाहीच सुटली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यातली सगळ्यात मोठी सोय तुमच्यासारख्यांसाठी आहे: ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस बंगळूरला असो की गुरुग्रामला, तुम्ही सांगलीत दाखल करायची आणि त्यांनी सांगलीला यायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील नसला तरी चालतो, ऑनलाइनही दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाई नको. कायद्यात निकालाला तीन महिने, वस्तू तपासायला पाठवावी लागली तर पाच महिने सांगितलेत. प्रत्यक्षात तारखा पडतात, त्या मानाने तयारी ठेवा.

इथे एक खाच आहे, ती आधीच सांगून ठेवतो. कंपनीचा वकील म्हणेल, ‘या बाई लॅपटॉपवर धंदा करतात, म्हणजे खरेदी व्यापारी कारणासाठी, म्हणजे त्या ग्राहकच नाहीत.’ घाबरू नका. स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी कारणाची धरत नाहीत, असं कायद्याच्या व्याख्येतच स्पष्ट केलंय. बिल तुमच्या स्वतःच्या नावावर आहे हे चांगलंच आहे. तक्रारीत ‘मी एकटी, घरातून, उदरनिर्वाहासाठी हे काम करते’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदात घाला.

ईएमआयचं वेगळं बघावं लागेल. नो कॉस्ट म्हणजे व्याज नाही असं नसतं. बहुतेक योजनांत बँक व्याज लावते आणि तेवढी सूट आधी किमतीत दिलेली असते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुमच्या खिशातून जाते. पैसे परत मिळाले की ईएमआय आपोआप बंद होईल असं धरून चालू नका. रिफंडचा मेसेज येताच बँकेला फोन करा, ईएमआय रद्द झाल्याचं लेखी घ्या. आणि आत्ताच बँकेला कळवून ठेवा की या व्यवहाराबद्दल वाद आहे. मागवलेल्या वर्णनाची वस्तू न आल्याबद्दल कार्डावरच्या व्यवहारावर डिस्प्यूट टाकता येतो, पण त्याची मुदत असते आणि ती वाट बघत नाही. हप्ते मात्र थकवू नका. रागाच्या भरात हप्ता थांबवला तर कंपनीचं काही जात नाही, तुमचा सिबिल स्कोअर जातो.

सासरेबुवांचं म्हणणं मी निम्मं मान्य करतो. गावातला दुकानदार समोर असतो, त्याच्या दारात जाऊन बसता येतं. पण स्क्रीनच्या बाबतीत दुकानात फसगत होत नाही असं नाही. तिथल्या ट्यूबलाइटच्या झगमगाटात सगळे लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसवर असतात, पडद्यावर निळा समुद्र आणि पोपट फिरत असतात, आणि ४५ टक्क्यांचं पॅनेलही पोपट बरा दाखवतं. आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कोणी सौदा करत नाही. लॅपटॉप मात्र आपण खोक्यावरच्या चित्रावर घेतो. पुढच्या वेळी दुकानातून घ्या की ऑनलाइन, मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या आणि डिस्प्लेच्या ओळीत एसआरजीबीचा आकडा आहे का बघा. आकडा लिहिलेला नसेल तर तो सांगण्यासारखा नाही असं समजा. दुकानात जाणार असाल तर पेन ड्राइव्हवर स्वतःचे दोन फोटो न्या: एक हळदीचा, आणि एक रात्रीच्या रिसेप्शनचा, ज्यात नवऱ्याचा काळा सूट आहे. हळदीत रंग कळतो. सुटात कॉलरच्या घड्या वेगळ्या दिसतात की सगळा काळा गोळा होतो, त्यावरून बाकीचं कळतं.

कंपनी मध्येच एखादं कूपन पुढे करेल, दोन-तीन हजारांचं, ‘गुडविल जेश्चर’ म्हणून. ते स्वीकारलंत की वाद मिटला असं धरलं जातं, तेव्हा लेखी वाचल्याशिवाय ‘अॅक्सेप्ट’ दाबू नका. मात्र लॅपटॉप बाकी सगळ्या बाजूंनी तुम्हाला पसंत असेल, वेग चांगला असेल, आणि कंपनी मॉडेलमधल्या फरकाचे पैसे परत द्यायला तयार झाली, तर तो सौदा मी फेकून देणार नाही. २४ इंची, आयपीएस, ९९ किंवा १०० टक्के एसआरजीबीचा स्वतंत्र मॉनिटर दहा हजारांच्या आसपास मिळतो. टेबलावर बसून अल्बम करणाऱ्या माणसाला तो लॅपटॉपच्या कुठल्याही पडद्यापेक्षा सोयीचा. पान मोठं दिसतं, मानही दुखत नाही. परत आलेली रक्कम त्या मॉनिटरच्या किमतीच्या जवळपास असेल तर घ्या. दोन हजारांत मिटवू नका.

लॅपटॉप परत जायचं ठरलं तर लोकांच्या लग्नांचे फोटो त्यात राहू देऊ नका. सगळं हार्ड डिस्कवर घ्या, खात्यांतून बाहेर पडा, मग फॅक्टरी रिसेट. हे शेवटच्या दिवशी, आधी नाही. खोकं, थर्माकोल, चार्जर सगळं ठेवलंय ना? पिकअपला येणाऱ्या मुलासमोर लॅपटॉपच्या तळाचा सीरियल नंबर आणि त्याच्या हातातली पावती एकाच फोटोत घ्या.

आणि या आठवड्यात जे दोन अल्बम लॅबला जायचेत म्हणालात, ते या स्क्रीनवर रंग करून पाठवू नका. ले-आउट इथे करा, रंग जुन्या लॅपटॉपवर, कितीही रडत चालत असला तरी. लॅबला सांगून पूर्ण अल्बमच्या आधी एकच शीट छापून मागवा, हळदीचं आणि शालूचं पान शेजारी-शेजारी असलेलं. ते हातात आल्यावरच बाकीच्या फाइल सोडा.